मोटारींतील पिंवळा दिवा : विझवावा कीं वाचावा ?

ज्या घरीं मोटार आहे, त्या घरांतील लहानमोठ्या सर्वांस चालकासमोरील तबकडीवरचा एंजिनाच्या आकृतीचा लहानसा पिंवळा दिवा ठाऊक असतो. किल्ली फिरवितांच तो लागतो व एंजिन सुरू झालें म्हणजे विझतो. तो विझला नाहीं, किंवा वाटेंत पुन्हां लागला, तर घरांत दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, "गाडी आतांच्या आतां गॅरेजांत न्या." दुसरा म्हणतो, "त्यांत काय आहे ? बॅटरीची तार सोडून पुन्हां जोडा, दिवा जाईल." दिवा कां लागला, हा प्रश्न मात्र दोघांपैकीं कोणीच विचारीत नाहीं.

प्रस्तुत लेखांत ह्या दिव्याच्या एका नेहमीं आढळणाऱ्या कारणाचें विवेचन करण्याचें आम्हीं योजिलें आहे. मोटारीबरोबर कारखान्यांतून आलेला हवेचा डबा व नळी काढून त्या जागीं बाजारांत सुटी मिळणारी रुंद नळी व मोठा उघडा फिल्टर बसविण्याची हौस पुष्कळ तरुणांस असते. गाडीची शक्ति वाढेल व आवाज भारदस्त येईल, ही त्यांतील आशा. नळी बसविली जाते, गाडी नेहमींसारखी चालते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं तो पिंवळा दिवा लागतो. असें कां होतें, दोष कसा शोधावा, आणि शोधतांना काय टाळावें, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावें असा आमचा हेतु आहे. ह्यांत पैशाचा प्रश्न आहेच. पण एंजिनाच्या आयुष्याचा, आणि आपण सर्व ज्या हवेंत श्वास घेतों तिचाहि प्रश्न आहे.

हा दिवा मोटारींत आला तो मुख्यतः शहरांतील हवेसाठीं. अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहरावर १९४० नंतरच्या दशकांत डोळ्यांची आग करणारें दाट धुरकें पसरूं लागलें. तें कशाचें बनतें हें प्रथम कोणास उमगेना. पॅसाडेना येथील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेंतील रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट ह्यांनीं १९५० च्या सुमारास दाखवून दिलें कीं, मोटारींच्या व तेलशुद्धीच्या कारखान्यांच्या धुरांतील न जळलेलें इंधन आणि नायट्रोजनचीं ऑक्साइडें ह्यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन तें धुरकें तयार होतें. पुढें १९६७ सालीं कॅलिफोर्निया राज्यांत हवेच्या रक्षणासाठीं स्वतंत्र मंडळ स्थापन झालें, व हागेन-स्मिट हेच त्याचे पहिले अध्यक्ष झाले. आपला धूर बिघडला तर मोटारीनें तें स्वतःच सांगावें, ही कल्पना ह्या मंडळानें नियमांत आणली. आणि १९९६ सालापासून अमेरिकेंतील नव्या मोटारींत ती एकाच ठराविक पद्धतीनें असणें सक्तीचें झालें. आपल्या देशांत ही व्यवस्था टप्प्याटप्प्यानें आली, व १ एप्रिल २०२० रोजीं लागू झालेल्या 'भारत स्टेज सहा' ह्या मानकांतहि ती नव्या मोटारींचें एक आवश्यक अंग आहे. तेव्हां हा दिवा म्हणजे "माझ्या जळणांत किंवा धुरांत कांहीं तरी बिघडलें आहे," अशी गाडीनें स्वतःविरुद्ध दिलेली साक्षच होय.

आतां नव्या नळीचा व ह्या साक्षीचा संबंध काय, तो पाहूं. पेट्रोल नुसतें जळत नाहीं. त्यास हवा लागते, आणि तीहि मोजून लागते. एक किलोग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारें १४.७ किलोग्रॅम हवा पाहिजे. हाच हिशेब आकारमानानें केला, तर एक लीटर पेट्रोलास सुमारें नऊ हजार लीटर हवा लागते. म्हणजे मोटारीच्या टाकींत जें इंधन आपण भरतों, त्याहून हजारोंपट हवा एंजिन आपली आपण वाटेंत घेत असतें. हवा कमी पडली तर इंधन अर्धवट जळून काळा धूर निघतो. हवा अधिक झाली तर जळण 'दुबळें' होतें, म्हणजे हवेच्या मानानें इंधन कमी पडतें.

किती हवा आंत गेली हें कळल्यावांचून किती पेट्रोल सोडावें हें एंजिनाच्या संगणकास कळणार नाहीं. म्हणून पुष्कळ गाड्यांत फिल्टरच्या पुढें, नळीच्या पोटांत, हवा मोजणारा एक सेन्सर बसविलेला असतो. त्यांत अतिशय बारीक तार किंवा तसाच पातळ पत्रा विजेनें तापविलेला असतो. वाऱ्यानें गरम वस्तु निवते हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. हवा जितकी जोरानें व जितकी दाट वाहील, तितकी ती तार निवेल, आणि तिचें तपमान कायम राखण्यास तितकी अधिक वीज लागेल. त्या विजेवरून संगणक हवेचें वजन काढतो. युक्ति मोठी सुरेख आहे. पण तिच्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. तार केवळ आपल्याजवळून जाणारा वारा जाणते. सबंध नळींतून किती हवा गेली हें संगणक नळीची रुंदी धरून ठरवितो, आणि ती रुंदी कारखान्यांत कायमची नोंदलेली असते. नळी आपण बदलली, ही वार्ता संगणकास कोणीच दिलेली नसते.

गणित आवडणाऱ्या विद्यार्थ्यांनीं पुढील उदाहरण करून पाहावें. मूळ नळीचा आंतील व्यास ६५ मिलिमीटर आहे व नव्या नळीचा ७५ मिलिमीटर आहे असें समजा. नळीच्या तोंडाचें क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणांत असतें. ६५ चा वर्ग ४,२२५ आणि ७५ चा वर्ग ५,६२५. म्हणजे नवी नळी सुमारें एक-तृतीयांशानें अधिक मोकळी झाली. तितकीच हवा आतां अधिक रुंद वाटेनें जाते, म्हणून तिचा वेग घटतो, आणि तार कमी निवते. प्रत्यक्षांत हवेचे १०० भाग आंत जात असतां सेन्सर ७५ च भाग गेल्याचें कळवितो. संगणक त्यावर विश्वास ठेवून ७५ भागांपुरतेंच पेट्रोल सोडतो. १४.७ ला १ हें जें प्रमाण असावयाचें, तें १९.६ ला १ असें होऊन बसतें.

परंतु गाडींत दुसराहि एक साक्षीदार असतो. धुराच्या नळींतील ऑक्सिजन-सेन्सर जळून बाहेर पडणारी हवा तपासतो व ऑक्सिजन उरला आहे असें दिसतांच संगणकास तसें कळवितो. संगणक मग पेट्रोल थोडें थोडें वाढवीत जातो. ह्या वाढीस एक मर्यादा असते. ती गाडीगणिक निराळी असली, तरी बहुधा शेंकडा २५ च्या आसपास असते. आपल्या उदाहरणांत शेंकडा ३३ वाढ पाहिजे. दोन साक्षीदारांच्या म्हणण्यांत इतकी तफावत पडली म्हणजे संगणक दोष नोंदवितो आणि दिवा लावतो. पुष्कळशा दोषांच्या बाबतींत तो एकाच खेपेवर विसंबत नाहीं. लागोपाठ दोन खेपांत दोष दिसला म्हणजेच दिवा लागतो. नळी बसविल्या दिवशीं सर्व ठीक वाटून दिवा मागाहून कां लागतो, ह्याचा उलगडा ह्यावरून होईल.

ह्यावरून आणखी एक गोष्ट निघते, ती विसरूं नये. नळीचा व्यास ७० मिलिमीटर असता, तर वाढ सुमारें शेंकडा १६ इतकीच लागली असती, आणि दिवा कदाचित् लागलाच नसता. तरीहि सेन्सरचें माप चुकलेलेंच राहिलें असतें. गाडी पूर्ण जोरांत चालते त्या वेळीं पुष्कळ गाड्यांत ऑक्सिजन-सेन्सरच्या सांगण्यावरून तत्क्षणीं दुरुस्ती होत नाहीं. घाट चढतांना किंवा भार ओढतांना जळण दुबळें राहिलें, तर एंजिन ठोके देऊं लागतें, अतिशय तापतें, आणि दट्ट्यास इजा होण्याची भीति असते. टर्बो असलेल्या एंजिनास ही भीति अधिक. दिवा लागला म्हणजे गाडी मोडली असें नव्हे, तसेंच दिवा लागला नाहीं म्हणजे सर्व कुशल आहे असेंहि नव्हे.

आतां शोधाच्या क्रमाकडे वळूं. पहिली गोष्ट, दिवा स्थिर आहे कीं लुकलुकतो, हें पाहावें. स्थिर असेल आणि गाडीचा आवाज, ओढ व उष्णता नेहमींसारखी असेल, तर सावकाश घरीं येण्यास हरकत नसते. लुकलुकत असेल तर एखाद्या सिलिंडरांत जळण चुकतें आहे असें समजावें. तें न जळलेलें पेट्रोल धुराच्या मार्गांतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्यें जाऊन पेटतें, व तो महागडा भाग थोड्याच वेळांत जळून निकामी होऊं शकतो. अशा वेळीं वेग ताबडतोब कमी करून गाडी सुरक्षित जागीं थांबवावी. तेलाच्या दाबाचा किंवा उष्णतेचा तांबडा दिवा लागला, तर तो निराळा व अधिक निकडीचा इशारा आहे. तेथें तर एंजिन बंदच केलें पाहिजे.

दुसरी गोष्ट, साक्ष पुसण्यापूर्वीं ती वाचावी. चालकाच्या बाजूस डॅशबोर्डाखालीं सोळा खांचांची एक जोडणी असते. तींत स्कॅनर लावला म्हणजे नोंदलेले संकेतांक दिसतात. ते कागदावर उतरून घ्यावे; दोष घडला त्या क्षणीं एंजिनाचा वेग, उष्णता व भार किती होता, हेंहि स्कॅनर दाखवीत असेल तर लिहून ठेवावें. बॅटरीची तार सोडल्यानें दिवा विझतो हें खरें. परंतु ही सर्व नोंद व संगणकानें शिकलेली दुरुस्ती त्याबरोबर नाहींशी होते, आणि मूळ कारण तसेंच राहून दिवा पुन्हां लागतो. ताप मोजण्याची नळी फोडल्यानें ताप उतरत नाहीं.

ह्या संकेतांकांत नव्या नळीशीं संबंध असलेले थोडेच आहेत. 'पी ०१७१' म्हणजे जळण दुबळें झालें. दोन रांगांच्या एंजिनांत दुसऱ्या रांगेसाठीं 'पी ०१७४' असतो, आणि दोन्ही एकदम आले तर कारण दोन्ही रांगांस समान, म्हणजे हवेच्या मापांत किंवा गळतींत असण्याचा संभव मोठा. 'पी ०१०१' म्हणजे हवा मोजणाऱ्या सेन्सरचें सांगणें संगणकाच्या अपेक्षेशीं जुळत नाहीं. 'पी ०१०२' म्हणजे त्या सेन्सरकडून संदेश फारच क्षीण येतो किंवा येतच नाहीं. 'पी ०११३' हा हवेचें तपमान सांगणाऱ्या सेन्सरचा असून, नळी बदलतांना त्याची तार जोडावयाची राहिली असतां तो हटकून येतो. 'पी ०३००' म्हणजे निरनिराळ्या सिलिंडरांत जळण चुकतें आहे.

येथें एक सावधगिरीची सूचना देणें अवश्य आहे. संकेतांक लक्षण सांगतो. कोणता भाग विकत घ्यावा हें सांगत नाहीं. 'पी ०१७१' दिसतांच कित्येक लोक ऑक्सिजन-सेन्सर बदलतात. पण तो बिचारा खरें बोलत होता म्हणूनच दिवा लागला! आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, अशांतला हा प्रकार आहे. तसेंच, नळी काल बसविली म्हणून आजचा प्रत्येक दोष तिचाच, असेंहि धरून चालूं नये. इंधनाच्या टाकीचें झाकण सैल राहिलें तरी कित्येक गाड्यांत हाच दिवा लागतो.

तिसरी गोष्ट, एंजिन बंद व थंड असतांना बॉनेट उघडून डोळ्यांनीं व हातांनीं तपासणी करावी. सेन्सरचा प्लग 'टक्' असा आवाज होईपर्यंत बसला आहे काय ? सेन्सरवर हवेची दिशा दाखविणारा बाण असल्यास तो एंजिनाकडे आहे काय ? रबरी सांध्यांवरचे क्लॅम्प घट्ट आहेत काय ? एंजिनाच्या पोटांतील वाफ परत नळींत आणणारी लहान नळी नव्या नळीस जोडलेली आहे काय ? जुना डबा काढतांना एखादी बारीक नळी निसटली किंवा चिरली नाहीं ना ? सेन्सरच्या पुढें कोठेंहि फट राहिली, तर तेथून न मोजलेली हवा आंत शिरते, आणि परिणाम रुंद नळीसारखाच होतो. आमच्या मतें निम्मा शोध ह्या पायरीवरच संपावा, आणि तिला एक पैहि खर्च नाहीं.

चौथी गोष्ट, फिल्टर पाहावा. बाजारांतील कित्येक फिल्टर सुती जाळीचे असून त्यांस तेल लावावें लागतें. तेल प्रमाणाबाहेर लावलें तर तें हवेबरोबर उडून सेन्सरच्या तारेवर बसतें, त्यावर धूळ चिकटते, आणि तारेचें माप बिघडतें. अशी तार केवळ त्या कामासाठीं मिळणाऱ्या फवाऱ्यानें धुवावी, तीस बोट किंवा कापड लावूं नये, आणि पूर्ण वाळल्यावांचून प्लग जोडूं नये.

पांचवी गोष्ट, स्कॅनरवर इंधनाच्या दुरुस्तीचा आंकडा वाचावा. एंजिन तापल्यावर प्रथम तें मंद गतीनें चालूं द्यावें, आणि मग मिनिटास सुमारें २,५०० फेऱ्यांवर धरावें. मंद गतीस दुरुस्ती मोठी असून वेग वाढवितांच ती घटत असेल, तर कोठें तरी गळती आहे असें समजावें. कारण फटींतून येणारी हवा तेवढीच राहते व एकंदर हवेच्या मानानें तिचें महत्त्व कमी होतें. दोन्ही वेळीं दुरुस्ती सारखीच मोठी राहत असेल, किंवा वेगाबरोबर वाढत असेल, तर हवेच्या मापांतच चूक आहे असा संशय बळावतो. एका साध्या तुलनेनें दोन कारणें वेगळीं करतां येतात, हें ह्या परीक्षेचें मोल आहे. चालू एंजिनाशेजारीं हें काम विद्यार्थ्यांनीं एकट्यानें करूं नये. जाणता वडील मनुष्य किंवा मेकॅनिक जवळ असावा, आणि गाडी बंद खोलींत सुरू ठेवूं नये, कारण धुरांतील कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु आहे व त्यास वास नसतो.

सहावी व निर्णायक गोष्ट, म्हणजे मूळ डबा व नळी पुन्हां बसवून पाहणें. एका वेळीं एकच फेरफार करावा, दुसरें कांहीं बदलूं नये. मूळ डब्यानें दुरुस्तीचा आंकडा पूर्ववत् झाला, तर गुन्हेगार सांपडला. मग दोनच सरळ मार्ग उरतात : सेन्सर जेथें बसतो तेथील आंतील व्यास मूळ नळीइतकाच राखलेली नळी घ्यावी, किंवा नव्या नळीचें माप संगणकांत जाणत्या माणसाकडून भरून घ्यावें. मूळ डब्यानेंहि आंकडा सुधारला नाहीं, तर दोष अन्यत्र आहे, आणि नळीस दोष देणें अन्यायाचें होईल. म्हणून जुना डबा काढल्यावर तो कधींहि टाकून देऊं नये. खरें कारण दूर झालें म्हणजे लागोपाठ तीन खेपा निर्दोष गेल्यावर दिवा बहुधा आपला आपणच विझतो.

सर्वच गाड्यांत हवा मोजणारी तार नसते, हेंहि सांगितलें पाहिजे. कांहीं एंजिनांत हवेचा दाब व तपमान ह्यांवरून हिशेब करतात. तेथें नळीच्या रुंदीनें फारसें बिघडत नाहीं. दिवा लागला तर तपमानाच्या सेन्सरची सुटलेली तार किंवा निसटलेली नळी प्रथम पाहावी.

कित्येकजण दिवा कायमचा लागूं नये म्हणून संगणकास खोटा संदेश देणारें एखादें यंत्र लावतात, किंवा गाडी विकण्यापूर्वीं नोंद पुसून टाकतात. पहिला प्रकार हा स्वतःची, व दुसरा परक्याची फसवणूक आहे. कॅलिफोर्नियांत असा सुटा भाग रस्त्यावरील गाडीस लावावयाचा, तर तो धूर वाढवीत नाहीं असें दाखवून हवा मंडळाकडून क्रमांकित मान्यता मिळवावी लागते. आपल्या देशांत मोटार वाहन अधिनियम, १९८८, ह्याचें ५२ वें कलम गाडीच्या मूळ रचनेंतील फेरफारांवर मर्यादा घालतें. १९६६ सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या संस्था नव्या गाडीची जी परीक्षा घेतात, ती मूळ डबा व मूळ नळी असतांना घेतात. नळी बदललेली गाडी ही परीक्षा उतरलेली गाडी राहिली असें म्हणतां येत नाहीं. म्हणून खरेदीपूर्वींच परिवहन कार्यालय, विम्याची अट व उत्पादकाची हमी ह्या तिहींची विचारपूस पालकांनीं करावी.

इतकें करून लाभ किती, हेंहि तोलून पाहावें. हल्लींच्या गाड्यांतील मूळ नळी बऱ्याच विचारानें योजिलेली असते, आणि साध्या एंजिनांत ती बदलून मिळणारी शक्ति बहुधा अल्पच असते. वाढतो तो मुख्यतः आवाज. शिवाय बॉनेटखालीं उघडा ठेवलेला फिल्टर पुष्कळदां एंजिनाचीच तापलेली हवा ओढतो, आणि तापलेली हवा विरळ असते. देशावरच्या उन्हाळ्यांतील धुळीच्या रस्त्यांवर तर फिल्टर किती धूळ अडवितो ह्यास अधिक महत्त्व आहे. कारण आंत गेलेला बारीक वाळूचा कण सिलिंडर घांसल्यावांचून राहत नाहीं.

आम्हांस हौसेचा तिटकारा नाहीं. पाना हातांत धरून यंत्र उघडून पाहणाऱ्या मुलाचें कौतुकच केलें पाहिजे. आमचें सांगणें एवढेंच कीं, यंत्राचा एक भाग बदलला म्हणजे त्यावर विसंबून असलेले इतर भाग कोणते, हें प्रथम विचारावें. आणि यंत्रानें तक्रार केली तर तिचें तोंड न दाबतां ती शब्दशः लिहून घ्यावी, सोप्यापासून कठिणाकडे जावें, आणि प्रत्येक पायरीस एकाच संशयाची परीक्षा घ्यावी. हीच रीत आपण प्रयोगशाळेंत शिकतों. घरच्या मोटारीवर ती वापरणाऱ्यास दिव्याचें भय उरत नाहीं, आणि नको तो भाग विकत घेण्याचा खर्चहि वांचतो.